भिंतीतला डक्ट: हलू द्यायचा नाही, पण आवळायचाही नाही

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती, आणि तिसऱ्याच रात्री तिने मला उठवून सांगितलं की अरे त्या भिंतीत कोणीतरी आहे, मगाचपासून ठोकतंय. मी झोपेतच म्हटलं, आई तो डक्ट आहे, गरम हवा नेणारी पत्र्याची नळी, हीटर चालू झाला की वाजतो. ती म्हणाली, भिंतीत पत्रा कोण घालतं? आणि खरं सांगतो, प्रश्न बरोबर होता. मी त्या घरात पाच वर्षं राहत होतो आणि तो ठक्-ठक् आवाज मला इतका सवयीचा झाला होता की तो का येतो हे कधी बघितलंच नव्हतं.

मग गेल्या वर्षी किचनचं काम काढलं, एका भिंतीचा ड्रायवॉल, म्हणजे वरचा बोर्ड, उतरवला, आणि आतला पत्रा पहिल्यांदा दिसला. बेसमेंटातून वरच्या बेडरूमकडे जाणारा चपटा, आयताकृती डक्ट. मधला एक जोड दोन बोटं सुटलेला, त्याच्यावर कधीकाळी लावलेली करडी कापडी टेप वाळून पापडासारखी लोंबत होती, आणि आधार म्हणाल तर एक वाकवलेला खिळा. बस. समोरच्या ड्रायवॉलच्या पाठीवर धुळीचा काळा पट्टा उमटला होता, म्हणजे इतकी वर्षं गरम हवा बेडरूमला न जाता त्या भिंतीच्या पोटात जात होती आणि आम्ही वर थर्मोस्टॅट वाढवत बसलो होतो.

इकडे अमेरिकेत नाहीतर कॅनडात जुनं घर घेतलेल्या बऱ्याच मराठी लोकांना कधी ना कधी हे दृश्य दिसतं, म्हणून म्हटलं जेवढं शिकलो तेवढं लिहून टाकावं. (पुण्या-मुंबईत हा विषयच नाही, तिथे भिंत विटेची आणि एसीची तांब्याची पाइप बाहेरून.)

आधी ही भिंत म्हणजे काय ते बघू. इकडची भिंत आपल्या मांडवासारखी असते. मांडवात वासे उभे करतो आणि वरून कापड ताणतो ना, तसं इकडे लाकडाचे उभे स्टड लावतात आणि दोन्ही बाजूंनी अर्धा इंच जाडीचा जिप्समचा बोर्ड म्हणजे ड्रायवॉल ठोकतात, मध्ये पोकळी. स्टड साधारण १६ इंचांवर, म्हणजे एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, त्यामुळे दोघांच्या मधली मोकळी जागा साडेचौदा इंच. ज्याला टू-बाय-फोर म्हणतात तो प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंचच असतो (हे कळल्यावर मला फसवल्यासारखं वाटलं होतं), म्हणजे भिंतीच्या आतली खोली साडेतीन इंच. म्हणूनच भिंतीत चढवायचा डक्ट सव्वातीन इंच जाडीचा बनवतात, सव्वातीन बाय दहा किंवा सव्वातीन बाय बारा, याला स्टॅक म्हणतात. बेसमेंटात जी सहा इंची गोल पाइप दिसते ती या भिंतीत मावतच नाही, टू-बाय-सिक्सच्या भिंतीतसुद्धा नाही कारण तीही प्रत्यक्षात साडेपाच इंच, म्हणून भिंतीजवळ आली की ती गोलाची चपटी होते आणि वर जाळीपाशी, म्हणजे रजिस्टरपाशी, एक बुटासारखा तुकडा लागतो त्याला बूटच म्हणतात.

आता मुख्य मुद्दा, जो मला स्वतःला उशिरा कळला. मला वाटायचं डक्टला आधार द्यायचा तो खाली पडू नये म्हणून. पण वजन बघा ना. हा पत्रा अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही पातळ असतो, सहा इंची गोल पाइप फुटाला जेमतेम अर्धा किलो भरते, आणि माझ्या भिंतीतला तो आठ फुटी स्टॅक पाच-साडेपाच किलोचा, म्हणजे आट्याची एक पिशवी. तो वाकवलेला खिळासुद्धा तेवढं वजन पेलत होताच, साठ वर्षं पेलत होता. मग जोड सुटला का? कारण वजनाचा प्रश्नच नव्हता, हालचालीचा होता.

हालचाल कुठून येते ते सांगतो. फर्नेस (बेसमेंटातली हवा तापवणारी भट्टी) बंद असताना पत्रा खोलीच्या तापमानाला असतो, वीस अंशाच्या आसपास धरा. फर्नेस पेटली की आतून पन्नास अंशांची हवा धावायला लागते. पोलाद तापलं की लांबतं, तीन मीटर लांबीचा डक्ट तीस अंश तापला तर साधारण एक मिलीमीटरने लांबतो. एक मिलीमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण ते थंडीत दिवसातून कितीतरी वेळा होतं, लांबतो-आखडतो, लांबतो-आखडतो, आणि जोड नुसता एकात एक खुपसून ठेवलेला असेल, स्क्रू नसेल, तर दरवेळी केसभर सरकत सरकत शेवटी निसटतो. त्यात ब्लोअर, म्हणजे फर्नेसचा पंखा, सुरू होताना बसणारा हवेचा धक्का, त्याची थरथर, आणि मधल्या काळात कोणा प्लंबरने किंवा इलेक्ट्रिशियनने आपली पाइप नाहीतर वायर न्यायला डक्टला कोपराने ढकललेलं, हे सगळं जमा होतं.

आणि आवाज? कोकणात पत्र्याच्या छपराखाली दुपारी झोपलाय का कधी? ऊन चढलं की वरती ठण् ठण् वाजतं, संध्याकाळी उतरलं की पुन्हा. तेच हे. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. एक म्हणजे पत्रा लाकडाला घट्ट टेकलेला आहे, लांबताना तो घासत घासत अडतो आणि मग एकदम सुटतो, टिक्-टिक् किंवा करकर असा बारीक आवाज. दुसरं म्हणजे चपट्या डक्टची रुंद बाजू, ती स्टीलच्या डब्याच्या झाकणासारखी असते, अंगठ्याने दाबलं की आत जाते आणि सोडलं की ठप्पकन बाहेर, तसं हवेच्या दाबाने आणि उष्णतेने ती बाजू आत-बाहेर फुगते, हा मोठा ठक्क आवाज. पहिल्याचा इलाज जागा देणं, दुसऱ्याचा इलाज पत्रा कडक करणं.

म्हणून म्हणतो की डक्टला धरायचं असतं पण आवळायचं नसतं. जोड सुटता कामा नयेत, डक्ट डगमगता कामा नये, पण तो तापल्यावर लांबायला त्याला वाट हवी. सगळं काम या एका वाक्यात बसतं आणि बहुतेक चुका यातलं अर्धंच वाक्य लक्षात ठेवल्याने होतात.

पण हात लावायच्या आधी थांबा, कारण उघड्या भिंतीत जे काही पत्र्याचं दिसतं ते सगळं डक्ट नसतं. घर १९८० च्या आधीचं असेल आणि जोडांवर पांढरट कागदासारखी किंवा कापडासारखी टेप किंवा गुंडाळी असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती ओढायची नाही, खरवडायची नाही, व्हॅक्यूम तर मुळीच लावायचा नाही, नमुना लॅबमध्ये तपासून घ्यायचा आणि निघालंच तर लायसन्सवाल्या माणसाकडे द्यायचं. यात काटकसर नको. दुसरं, गोल, दुहेरी पत्र्याची पाइप सरळ छपराकडे जात असेल तर ती फर्नेसची किंवा वॉटर हीटरची धुराची नळी असू शकते, तिला बी-व्हेंट म्हणतात, तिच्यात जळलेल्या गॅसचा धूर असतो, तिच्यापासून लाकूड साधारण इंचभर तरी लांब ठेवावं लागतं आणि तिच्यात आरपार स्क्रू मारणं म्हणजे घरात कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. तिसरं, काही ठिकाणी डक्ट नसतोच, दोन स्टडच्या मधली पोकळीच परतीच्या, म्हणजे खोलीतून फर्नेसकडे परत जाणाऱ्या, हवेचा रस्ता म्हणून वापरलेली असते, लाकूड आणि ड्रायवॉल हाच डक्ट. जुन्या घरांत हे सर्रास आहे. गरम हवा पुरवणाऱ्या बाजूला असं करायला निवासी कोडमध्ये, म्हणजे घरबांधणीच्या नियमांत, परवानगी नाहीच, आणि २०१२ पासूनच्या मॉडेल एनर्जी कोडने (राज्यं आपले ऊर्जाबचतीचे नियम ज्याच्यावरून बनवतात त्या नमुन्याने) परतीच्या बाजूलाही नको म्हटलंय. जुनं असेल ते लगेच बेकायदा होत नाही, पण भिंत उघडीच आहे तर तिथे पत्र्याचा खरा डक्ट घालून घ्यावा असं माझं मत. तशा पोकळीतून फर्नेस भिंतीतली धूळ, उंदरांनी केलेली घाण, सगळं ओढत असते.

आणि हो, परमिट. टाऊनशिपला, म्हणजे गावच्या नगरपालिकेला, फोन करून विचारा, प्रत्येक गावाचं वेगळं असतं. काम परमिटखाली असेल तर भिंत बंद करायच्या आधी इन्स्पेक्टर बघून जातो, त्याला रफ इन्स्पेक्शन म्हणतात, त्याच्या आधी ड्रायवॉल लावलात तर पुन्हा उतरवायला लागू शकतो, आमच्या ओळखीत एकांचं झालंय.

आता काम. लोक आधी पट्ट्या मारायला धावतात, मीही धावलो होतो, पण क्रम उलटा आहे. आधी जोड, मग सील, मग आधार. कारण सुटलेला डक्ट पट्टीने बांधलात तर तुम्ही सुटलेला जोडच जागच्या जागी पक्का करताय.

गोल पाइपच्या एका टोकाला झालरीसारख्या चुण्या असतात, ते टोक पुढच्या पाइपच्या आत जातं. कुठलं टोक कुठे जावं याचा नियम सोपा आहे: चुण्यांचं तोंड हवा ज्या दिशेने वाहते त्या दिशेला. पुरवठ्याच्या बाजूला म्हणजे फर्नेसपासून लांब, परतीच्या बाजूला फर्नेसकडे. कौलं घालताना वरचं कौल खालच्यावर चढवतो तसंच, उलटं घातलं तर पाणी आत शिरतं, इथे हवा बाहेर येते. एकात एक निदान एक इंच घुसलं पाहिजे आणि भोवताली सारख्या अंतरावर कमीत कमी तीन स्क्रू, हे आयआरसी नावाच्या निवासी कोडमध्ये स्पष्ट लिहिलंय, बहुतेक राज्यं तोच कोड आपापले बदल करून वापरतात. स्क्रू म्हणजे पत्र्याचे, आठ नंबरचे, अर्धा इंची, षटकोनी डोक्याचे, ड्रिलने आपलं भोक आपणच पाडून आत जाणारे. चपट्या स्टॅकचे जोड वेगळ्या पद्धतीचे असतात, त्याच्या कडा एकमेकांत अडकतात, तरी तिथेही दोन-तीन स्क्रू मारलेले बरे. हातमोजे घाला. जाड. पत्र्याची कड ब्लेडसारखी असते, मी पहिल्या दहा मिनिटांत अंगठा कापून घेतला आणि बायकोने हळद आणि शिव्या दोन्ही दिलं.

मग सील. आता ती करडी कापडी डक्ट टेप, जिच्या नावातच डक्ट आहे, ती डक्टसाठी वापरायची नाही. विनोद वाटेल पण कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने वेगवेगळ्या टेपा आणि लेप गरम हवेवर तपासले होते, १९९८ साली निकाल आले, आणि त्यात बाकी गोष्टी टिकल्या पण कापडी डक्ट टेपच धडाधड उखडली. उष्णतेने तिचा गोंद वाळतो, माझ्या भिंतीत लोंबत होता तो पापड हाच. त्याऐवजी मॅस्टिक घ्या, तो डब्यात येणारा दाट लेप, इडलीच्या पिठाइतका घट्ट, ब्रशने जोडावर सगळीकडून चोपडायचा, नाण्याएवढा जाड थर, फट मोठी असेल तर खाली जाळीची टेप. किंवा फॉइलची टेप घ्या, पण जिच्यावर यूएल १८१ (डक्टच्या सामानाचं चाचणी-मानक) असा शिक्का आहे तीच, आणि पत्रा आधी पुसून कोरडा करून मग लावा, धुळीवर काहीच चिकटत नाही. मला स्वतःला मॅस्टिकच आवडतो, कारण भिंत बंद झाल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षं तिथे कोणी बघायला येणार नाही. फक्त तो वाळायला वेळ द्या, रात्रभर तरी, ओल्यावर ब्लोअर चालू करू नका.

एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचत कार्यक्रमवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे सर्वसाधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते. माझ्या त्या एका जोडातून किती जात होती देव जाणे, पण ती भिंत हिवाळ्यात कायम उबदार असायची आणि मी लोकांना कौतुकाने सांगायचो की बघा या भिंतीला किती छान इन्सुलेशन आहे.

आता आधार. आयआरसीच्या जुन्या आवृत्त्यांत होतं की पत्र्याच्या डक्टला निदान अर्धा इंच रुंद आणि १८ गेज जाडीची पट्टी (गेज म्हणजे जाडीचा आकडा, तो जितका मोठा तितका पत्रा पातळ), किंवा १२ गेजची गॅल्व्हनाइज्ड तार, जास्तीत जास्त दहा दहा फुटांवर. दहा फूट हे जास्तीत जास्त आहे बरं का, तेवढंच हवं असं नाही. भिंतीतला एका मजल्याचा डक्ट आठ-नऊ फुटांचाच असतो, म्हणजे कागदोपत्री एक पट्टी पुरते, पण मी तीन ठिकाणी धरला आणि तीनही ठिकाणी धरण्याची पद्धत वेगळी ठेवली.

वर, जिथे जाळी येते, तिथे बूट पक्का. कारण जाळी ड्रायवॉलच्या किंवा फरशीच्या भोकाशी जुळलीच पाहिजे, ती हलून चालणार नाही. तिथे दोन स्टडच्या मध्ये लाकडाचा आडवा ठोकळा बसवला आणि बुटाच्या कडा त्याला स्क्रूने जोडल्या. खिळे नकोत, थरथरीने खिळा हळूहळू मागे सरकतो, स्क्रू सरकत नाही. हा झाला एक स्थिर बिंदू.

मध्ये, पट्टी डक्टच्या समोरून आडवी नेऊन दोन्ही स्टडना स्क्रू केली, पण पट्टीतून डक्टमध्ये स्क्रू मारला नाही. म्हणजे डक्ट पुढे-मागे हलणार नाही पण वर-खाली सरकू शकेल. पट्टी आणि पत्र्याच्या मध्ये फेल्टचा तुकडा घातला, नाहीतर पत्र्यावर पत्रा घासून नवीनच आवाज सुरू. पट्टी ओढून ताणू नका, डक्ट जरासा जरी चेपला तरी हवेचा रस्ता अरुंद होतो आणि सव्वातीन इंचात आधीच फारशी ऐपत नसते. आणि हो, समोरून पट्टी नेताना लक्षात ठेवा की भिंतीत सगळी मिळून पाव इंचच जागा शिल्लक आहे, पट्टीचा किंवा स्क्रूच्या डोक्याचा उंचवटा आला की ड्रायवॉल तिथे फुगतो, म्हणून स्क्रू शक्यतो स्टडच्या आतल्या बाजूला मारायचे, तोंडावर नाही.

खाली, बेसमेंटात, जिथे स्टॅक वळून आडव्या ट्रंकला, म्हणजे मुख्य डक्टला, मिळतो, तिथला कोपरा हा सगळ्यात दुर्लक्षित. लोक समजतात ट्रंकनेच धरलंय ना. पण मग स्टॅकचं वजन आणि सगळी हालचाल त्या एका जोडावर येते. कोपऱ्याच्या जवळ जॉइस्टपासून, म्हणजे मजल्याच्या आडव्या तुळईपासून, एक पट्टी खाली सोडून तो कोपरा झेलायचा. लटकती पट्टी किंचित झुलते, त्यामुळे लांबणं-आखडणं तिला सोसतं.

म्हणजे वर पक्का, मध्ये मार्गदर्शन, खाली झोळी.

डक्ट जिथे मजल्याच्या लाकडी पट्ट्यांमधून वर जातो तिथलं भोक हा अजून एक मुद्दा. तिथे पत्रा लाकडाला चिकटलेला असेल तर करकर तिथूनच येते, म्हणून भोवती पाव इंच मोकळं ठेवायचं. पण ते मोकळंच सोडायचं नाही, कारण आग लागली तर भिंतीतली अशी भोकं चिमणीचं काम करतात आणि खालची आग काही मिनिटांत वर पोचते. कोडमध्ये म्हणूनच प्रत्येक मजल्याच्या छताच्या आणि फरशीच्या पातळीवर ती फट ज्वाळा अडवणाऱ्या पदार्थाने भरायला सांगितलंय, त्याला फायरब्लॉकिंग म्हणतात. मिनरल वूल, म्हणजे खनिज तंतूंची लोकर, कोंबून भरायची. ती जळत नाही आणि मऊ असल्याने पत्र्याला हलूही देते. गॅरेजच्या भिंतीतून डक्ट जात असेल तर नियम जास्त कडक, पत्रा निदान २६ गेजचा आणि गॅरेजमध्ये त्याला एकही जाळी नाही, गाडीचा धूर घरभर फिरू नये म्हणून.

लाकूड कापायचा मोह होईल. डक्ट अर्धा इंच सरकवायचाय, स्टडला जरा खाच पाडू, काय होतंय. थांबा. भार पेलणाऱ्या भिंतीच्या स्टडला रुंदीच्या पाव भागापेक्षा जास्त खाच चालत नाही, म्हणजे साडेतीन इंचाच्या स्टडला एक इंचही नाही. जॉइस्टला तर मधल्या एकतृतीयांश भागात खाच अजिबात नाही आणि (अगदी टोकं सोडून) बाकी ठिकाणी उंचीच्या एकषष्ठांश एवढीच. आमच्या घरात आधीच्या कोणीतरी एका जॉइस्टचा जवळजवळ अर्धा भाग कापून तिथून डक्ट नेला होता, वरच्या बेडरूमची फरशी एका ठिकाणी दबते ती का याचं उत्तर मला असं फुकटात मिळालं. त्याच्यासाठी मात्र माणूस बोलावला, ते आपलं काम नाही.

बाहेरच्या भिंतीत डक्ट असेल तर एकच सांगतो, जमल्यास तो तिथून काढून आतल्या भिंतीत घ्या. बाहेरच्या भिंतीत डक्ट म्हणजे तिथलं इन्सुलेशन काढून त्या जागी पत्रा ठेवलाय, हिवाळ्यात गरम हवा जाळीपर्यंत पोचेतो कोमट, आणि उन्हाळ्यात एसीच्या गार पत्र्यावर जर्सीची दमट हवा लागली की ताकाच्या ग्लासाला येतो तसा घाम, मग बुरशी. हलवणं शक्यच नसेल तर निदान डक्टच्या बाहेरच्या बाजूला फोमचा कडक बोर्ड मावेल तेवढा बसवा.

लवचीक डक्ट, तो चकचकीत कव्हरचा अळीसारखा, भिंतीत नको. चेपतो, आणि चेपला की कळत नाही. बेसमेंटात किंवा अॅटिकमध्ये ठीक आहे, तिथे दर चार फुटांवर दीड इंच तरी रुंद पट्टी लावायची, अरुंद पट्टी त्याला दोऱ्यासारखी कापते, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये फुटाला अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ पडू द्यायचा नाही. बेसमेंटातल्या आडव्या ट्रंकबद्दल एवढंच की त्याला धरणाऱ्या पट्ट्या त्याच्याचसाठी आहेत. आपल्याकडे बेसमेंटात दोरी बांधून कपडे वाळत घालायची हौस असते आणि दोरी बांधायला त्या पट्टीपेक्षा सोयीचं काही दिसत नाही, ओल्या जीन्सचं वजन धरा आणि मग जोडाकडे बघा. मी हे दोन घरांत बघितलंय, त्यातलं एक आमचं.

ड्रायरचा, म्हणजे कपडे वाळवायच्या मशीनचा, डक्ट हा वेगळा प्राणी आहे, त्याला वरचे नियम लावू नका. तो चार इंची, आतून गुळगुळीत, निदान २८ गेजचा पत्रा, आधार बारा फुटांच्या आत, आणि इथे स्क्रूचं टोक आत एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त आलेलं चालत नाही, कारण त्या टोकावर कपड्यांचा कापूस अडकतो, साठतो, आणि तो कापूस म्हणजे समईची वात. म्हणून तिथे स्क्रू टाळून फॉइल टेप. लांबी सरसकट पस्तीस फुटांपर्यंत, साध्या काटकोनी वळणामागे पाच फूट वजा. आणि तो भिंतीत स्टडच्या कडेच्या सव्वा इंचाच्या आत असेल तर समोर पोलादी पाटी ठोका, नाहीतर पुढे कोणीतरी तसबीर लावायला खिळा मारेल तो थेट त्याच्यात.

सगळं झाल्यावर भिंत लगेच बंद करू नका, हा या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला असेल. मॅस्टिक वाळला की फर्नेस चालू करा आणि तिथे स्टुलावर बसा. मी उदबत्ती लावली आणि प्रत्येक जोडाजवळून हळूहळू फिरवली, धूर सरळ वर गेला तर जोड चांगला, फडफडला किंवा बाजूला ढकलला गेला तर तिथे अजून मॅस्टिक. (स्मोक अलार्मजवळ नको, आमच्या शेजाऱ्याने खिडकीतून बघून विचारलं की पूजा आहे का.) दोन जोड पुन्हा करावे लागले. मग आवाज ऐकायचा, तापताना आणि बंद केल्यावर निवतानाही, कारण काही डक्ट फक्त निवताना वाजतात.

माझा वाजलाच. करकर गेली होती पण तो मोठा ठक्क अजून होता, आईवाला. हात लावून बसलो तेव्हा कळलं की दहा इंची रुंद बाजू एका ठिकाणी आत-बाहेर होतेय, डब्याचं झाकण. तिथे पत्र्याचाच एक एल आकाराचा तुकडा कापला, स्टॅकच्या अरुंद बाजूवरून वळवून रुंद बाजूवर आडवा बसवला, चार छोटे स्क्रू, त्यावर मॅस्टिक. समोर नव्हे, मागच्या बाजूला, जिथे पाव इंच जागा होती. पुन्हा फर्नेस चालू, वीस मिनिटं, बंद, पुन्हा चालू. शांत.

इन्स्पेक्टर आला, दोन मिनिटं बघितलं, मिनरल वूलला बोट लावून बघितलं, सही केली. ड्रायवॉल लावायच्या आधी भिंतीचे फोटो काढले, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून मोजपट्टी धरून, म्हणजे पुढे टीव्ही टांगताना डक्ट कुठून कुठे जातो ते कळेल. आणि बेसमेंटात ट्रंकवर, जिथून तो स्टॅक वर जातो, तिथे काळ्या मार्करने देवनागरीत लिहून ठेवलंय: किचनची भिंत, तीन जोड, वर पक्का, मध्ये सैल, ओढू नये. पुढचा मालक कोण असेल माहीत नाही, त्याला वाचता आलं तर आलं.